वणव्यात घरं वाचवायला शिकायचंय? मग फेब्रुवारीत या

नाशिकजवळच्या ब्रह्मगिरीच्या किंवा पांडवलेण्यांच्या डोंगरावरच्या आगीचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरायला लागले की नवी पोरं फोन करतात, ‘दादा, आम्हालाही यायचंय विझवायला.’ जरूर या. पण हिरव्या फांद्या घेऊन डोंगरावर झोडपणी करणं वेगळं आणि पायथ्याचे पाडे, गोठे, आश्रमशाळा वाचवणं वेगळं. पोटापाण्याला मी सातपूरला फायर अँड सेफ्टीत आहे. उन्हाळ्यात हे दुसरं काम करतो, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त आग लागायच्या आधीच उरकावं लागतं.

ज्वाळांची भिंत येते आणि घर गिळते, असं बहुतेकांना वाटतं. नव्वदच्या दशकात कॅनडातल्या जंगलात मुद्दाम लावलेल्या आगींसमोर लाकडी भिंती उभ्या करून पाहिलं होतं. १० मीटरवरच्या काही पेटल्या, २० आणि ३० मीटरवरच्या पेटल्या नाहीत. आपल्याकडचं वाळलेलं गवत तर काही मिनिटांत जळून पुढे सरकतं. घर जातं ते उडून आलेल्या ठिणग्यांनी आणि घराला टेकून ठेवलेल्या वस्तूंनी.

म्हणून हरसूलकडच्या एखाद्या पाड्यावर गेलात की आधी डोंगराकडे बघू नका, वळचणीकडे बघा. खाली लोंबणारं गवत, पत्रा आणि वाशांच्या मधे कोंबलेल्या गोण्या, कौलांच्या फटीत साचलेला पाला, पडवीत भिंतीला लावून रचलेला लाकूडफाटा. भिंतीपासून दीडेक मीटर जमीन झाडून उघडी करायची आणि कडब्याची गंजी दहा मीटरच्या पलीकडे न्यायची. सांगायला सोपं आहे. ‘लांब नेली तर मोकाट गुरं फस्त करतील, तू येशील का राखायला?’ असं एका आजीनं मला विचारलं होतं, आणि तिचं बरोबरच होतं. शेवटी गंजी नांगरलेल्या वावराच्या मधोमध नेली आणि भोवती काट्या लावल्या. असा तोडगा निघाला नाही तर तुमची यादी कागदावरच राहते.

दुसरा भाग प्रतवारीचा. नवख्यांना हाच सगळ्यात जड जातो. प्रत्येक घर तीनपैकी एका खान्यात टाकायचं: कुणी थांबलं नाही तरी टिकेल, माणसं थांबली तर टिकेल, आणि सोडून द्यायचं. घराची किंमत किंवा मालकाचं वजन यात धरायचं नाही. त्र्यंबक रोडच्या बाजूला टेकडीवर चढवलेल्या फार्महाऊसचे मालक यावर चिडतात. चढ बघा: उतार १० अंशांनी वाढला की चढणीला आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणून घळीच्या माथ्यावरचं घर अवघड. टँकरला वळायला जागा आहे का, वाट एकच आहे का, विहिरीला पाणी आहे का, आणि मोटारीची वीज गेली तर पाणी कसं काढणार? सगळं नकाशावर लिहून ठेवायचं, कारण धुरात आठवत नाही.

आग आली की ओल्या गोणपाटानं छपरावर शूरपणा नको. जवळचं जळाऊ हलवा, दारं-खिडक्या लावा, माणसं-जनावरं बाहेर काढा आणि मागे सरका. लोट पुढे गेला की परत या. खरं राखणं तेव्हा सुरू होतं. शेणाच्या उकिरड्यात किंवा वाशाच्या टोकाला धुमसणारा निखारा दोन-तीन तासांनीही पेट घेतो.

अमेरिकन वनअग्निशामक पॉल ग्लीसन यांनी १९९१ मध्ये मांडलेली चौकट मी तशीच वापरतो: उंचावर नजर ठेवणारा माणूस, संपर्क, निसटायची वाट आणि सुरक्षित जागा. आपल्याकडे ही जागा म्हणजे नांगरलेलं वावर किंवा आधीच जळून काळं झालेलं रान. घळीत मोबाईलला रेंज नसते, तेव्हा शिट्टीच्या खुणा आधी ठरवा.

उपग्रहानं टिपलेल्या आगींच्या भारतीय वन सर्वेक्षणाच्या एसएमएस सूचनांसाठी नाव नोंदवा, पण त्यावर विसंबू नका. उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका सुमारे ३७५ मीटरचा असतो आणि आग उपग्रह वरून जाईल तेव्हाच दिसते. तोवर गवताची आग दोन टेकड्या ओलांडून जाते. राब भाजणी (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजणं) आणि मोहाखालचा पाला जाळणं केव्हा चालतं, हे गावच्या वनरक्षकाला आणि फायर वॉचरला जास्त नेमकं ठाऊक असतं.

शिकायचं कुठे? आपदा मित्र या आपत्ती-स्वयंसेवकांसाठीच्या सरकारी योजनेचं १२ दिवसांचं प्रशिक्षण चांगली सुरुवात आहे. चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन विभागात करा. यातच करिअर करायचं असेल तर नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. तिथला भर इमारती आणि कारखान्यांवर असतो, वणव्याचं बरंचसं रानातच शिकावं लागतं. वणव्यापासून घरं वाचवणारा अशी वेगळी जागा मी तरी जाहिरातीत पाहिलेली नाही, तेव्हा नोकरी दुसरी धरूनच या. येताना पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि चामडी बूट घाला. नायलॉनचं जॅकेट घरीच ठेवा, ते वितळून अंगाला चिकटतं.