कोंबड्यांना अँटिबायोटिक देताना या चुका टाळा

शेडमध्ये मर सुरू झाली की हात आधी अँटिबायोटिकच्या पाकिटाकडे जातो. पण मानमोडी, गमबोरो हे विषाणूंचे आजार. तिथे या औषधाचा काडीचाही उपयोग नाही. उलट पक्ष्यांच्या आतड्यातले औषधाने मरणारे जिवाणू मरतात, न जुमानणारे उरतात आणि त्यांचीच वीण वाढते. म्हणून आधी मेलेल्या पक्ष्याचं शवविच्छेदन, मग कल्चर-सेन्सिटिव्हिटी (जिवाणू वाढवून त्यावर कोणतं औषध चालतं ते बघणारी तपासणी), मग पशुवैद्य सांगतील ते औषध. रिपोर्ट येईपर्यंत खाली वाकून, पक्ष्यांच्या उंचीवर श्वास घेऊन बघा. डोळे चुरचुरले तर गादी, म्हणजे जमिनीवरचा भुशाचा थर, ओली आहे आणि तिच्यातून अमोनिया वायू निघतोय. अमोनियाने श्वासनलिकेचं अस्तर खराब होतं आणि ई. कोलाय या जिवाणूला आयती वाट मिळते. तिथे गादी कोरडी करणं आणि हवा खेळती ठेवणं आधी.

पाण्यातून औषध देतानाही घोळ होतो. आजारी पक्षी पाणी कमी पितो, म्हणजे ज्याला गरज त्यालाच डोस अपुरा. पक्ष्यांचं एकूण वजन आणि त्या दिवशी प्यायलेलं पाणी मोजूनच मात्रा ठरवा.

सगळ्यात घातक चूक म्हणजे आजार नसताना ‘खबरदारी’ म्हणून रोज थोडं औषध देणं. कोलिस्टिनचं उदाहरण घ्या. हे माणसांसाठी अखेरच्या फळीतलं अँटिबायोटिक, बाकी औषधं हरली की वापरायचं. त्याला निष्प्रभ करणारं एमसीआर-१ जनुक २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांत, कोंबडीच्या कच्च्या मांसात आणि रुग्णांतही सापडलं. ते प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असतं, त्यामुळे एक जिवाणू ते दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो. कोंबडीचा जंतू वेगळा, माणसाचा वेगळा, असं म्हणून हात झटकता येत नाहीत.

औषध थांबवून ठरलेले दिवस गेले की मांस निर्धोक, हाही अर्धवट समज. त्या दिवसांत औषधाचा अंश उतरतो. प्रतिरोधक, म्हणजे औषधाला न जुमानणारे, जिवाणू तसेच राहू शकतात. ते विष्ठेतून खतात, पाण्यात, हातांवर जातात. स्वयंपाकघरात कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओट्यावर उडतात. त्याच सुरीने कोशिंबीर चिरू नका. आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला शिजलं की हे जिवाणू मरतात.

कोंबड्यांसाठी आणलेलं औषध स्वतः कधीही घेऊ नका. आणि ई. कोलायमुळे लघवीचाही संसर्ग होतो, म्हणून तो वारंवार होत असेल, तर तुम्ही शेडमध्ये काम करता हे डॉक्टरांना न विचारता सांगा. औषध सुरू होण्याआधी कल्चर करून घ्यायचं का, तेही विचारा.