फाईल्स आपोआप मूव्ह करायला लावताय? आधी या चुका टाळा

सीएचं ऑफिस घ्या, पतसंस्था घ्या नाहीतर छोटा कारखाना, सगळीकडे तेच चाललेलं असतं. स्कॅनर एका फोल्डरमध्ये पीडीएफ टाकत राहतो आणि मग कुणीतरी बसून एकेक फाईल उचलून क्लायंटच्या, वर्षाच्या, महिन्याच्या फोल्डरमध्ये टाकत बसतं. हे काम विंडोजमधल्याच रोबोकॉपी (फाईल्स कॉपी-मूव्ह करणारी कमांड) आणि टास्क शेड्युलर (ठरलेल्या वेळी काम आपोआप चालवणारा प्रोग्रॅम) यांवर एक पैसा न घालता होतं आणि ते आपोआप करावंच असं माझं ठाम मत आहे. फक्त रोबोकॉपीचं मूव्ह म्हणजे आधी कॉपी आणि मग मूळ जागेवरून डिलीट एवढं डोक्यात पक्कं ठेवा, कारण मोठे घोळ बरेचसे डिलीटमुळेच होतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रोबोकॉपीचा स्लॅश एमआयआर (/MIR), म्हणजे मिरर हा ऑप्शन. नेटवर बॅकअपची कमांड शोधली की हाच ऑप्शन पुढे येतो, लोक तो तसाच उचलतात, पण मिररचा अर्थ आहे की डावीकडे (कमांडमध्ये आधी लिहिलेल्या मूळ फोल्डरमध्ये) जे आहे तेवढंच उजवीकडे (जिथे न्यायचं त्या फोल्डरमध्ये) ठेवायचं आणि बाकीचं उडवायचं. आता विचार करा, डावीकडे तुमचं इनबॉक्स फोल्डर, उजवीकडे सहा वर्षांचं अर्काईव्ह, इनबॉक्स रोज रिकामं होतंय, आणि त्यावर मिरर चालवला तर अर्काईव्ह पण रिकामं होणार, आणि या फाईल्स रिसायकल बिनमध्येसुद्धा सापडत नाहीत. जीएसटीचे रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने जपून ठेवायचे असतात, त्यामुळे हे परवडणारं नाही. फाईल हलवायला स्लॅश एमओव्ही (/MOV) वापरा, आणि कुठलीही नवीन कमांड आधी स्लॅश एल (/L) लावून चालवा, म्हणजे ती काहीच न हलवता काय काय हलवणार आहे त्याची नुसती यादी दाखवते. ती यादी खरंच वाचा, नजर फिरवून सोडून देऊ नका.

दुसरा घोळ एकसारख्या नावांचा. बरेच स्कॅनर फोल्डर रिकामं झालं की पुन्हा स्कॅन0001 पासून सुरू करतात, म्हणजे सोमवारची स्कॅन0001 आणि मंगळवारची स्कॅन0001 वेगळ्या फाईल्स, पण जायचं दोघींना एकाच ठिकाणी. तुम्ही मूव्ह कमांड हाताने टाईप केली तर विंडोज विचारतं की जुनी फाईल बदलू का, पण तीच कमांड बॅच फाईलमधून (कमांड्स लिहून ठेवलेल्या, आपोआप चालणाऱ्या फाईलमधून) चालली की काही न विचारता जुनीवर नवीन लिहून मोकळी होते. म्हणून टेस्टिंगला सगळं व्यवस्थित वाटतं आणि महिन्याभराने कुणीतरी विचारतं, पाटलांचं भाडेकरार कुठंय? यावर इलाज एकच, हलवण्याआधी नावात तारीख आणि वेळ घाला, तीपण वर्ष-महिना-दिवस या क्रमाने म्हणजे सॉर्टिंगही सरळ लागतं. आणि तारखेत स्लॅश नको, विंडोज फाईलच्या नावात तो घेतच नाही.

स्कॅनर अजून लिहीतच असताना फाईल उचलणं हीसुद्धा नेहमीची भानगड. फोल्डरवर लक्ष ठेवणारे प्रोग्रॅम फाईल तयार झाली की लगेच जागे होतात, पण फाईल तयार होणं आणि पूर्ण होणं यात फरक आहे, चाळीस पानी दस्त स्कॅन होत असतो आणि तुमची स्क्रिप्ट अर्धवट पीडीएफ घेऊन जाते, जी नंतर उघडतच नाही. घाई नसेल तर स्लॅश मिनएज 1 (/MINAGE:1) लावा, मग एक दिवसापेक्षा नवीन फाईल्सना रोबोकॉपी हातच लावत नाही. घाई असेल तर फाईलची साईज बघा, मिनिटभराने परत बघा, तेवढीच असेल तरच हलवा. याच्याच जोडीला, एखादी फाईल कुणीतरी एक्सेलमध्ये उघडून ठेवली असेल तर रोबोकॉपी ती परत परत ट्राय करतो आणि त्याचा मूळ आकडा आहे 10 लाख वेळा, दर दोन वेळांमध्ये 30 सेकंद थांबून, म्हणजे जवळपास वर्षभर तो तिथेच अडकून बसेल. स्लॅश आर 3 (/R:3, म्हणजे तीनदाच परत ट्राय) आणि स्लॅश डब्ल्यू 5 (/W:5, म्हणजे मध्ये पाच सेकंद थांबणं) लिहायला विसरू नका.

आता आपल्याकडचा खास मुद्दा, आर्थिक वर्ष. स्क्रिप्टला फोल्डरचं नाव आजच्या तारखेवरून बनवायला सांगितलं की ती साधं कॅलेंडर बघते, आणि फेब्रुवारी 2025 मधलं बिल 2025-26 मध्ये जाऊन पडतं, जे खरं 2024-25 चं आहे. एप्रिल ते डिसेंबर सगळं बरोबर चालतं त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही आणि ऐन मार्चच्या गडबडीत हे उघडकीस येतं. महिना 4 पेक्षा लहान असेल तर वर्षातून एक वजा करायचं, ही एक ओळ टाका. त्यातही 2 एप्रिलला स्कॅन केलेलं मार्चचं बिल असणारच, म्हणून स्कॅनची तारीख न घेता बिलाची तारीख नावात लिहायची सवय ऑफिसला लावावी लागते, ते काम स्क्रिप्ट करून देणार नाही.

क्लायंट ओळखायला पण नावावर विसंबू नका. श्री गणेश ट्रेडर्स एका तालुक्यात चार निघतील, आणि देशमुखचं स्पेलिंग प्रत्येकजण वेगळं करतो. जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटीचा नोंदणी नंबर, 15 अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅन. कोल्हापूरची शाखा 27 ने सुरू होईल, त्याच मालकाची पणजीची शाखा 30 ने, आणि पॅन दोन्हीकडे तोच. त्यामुळे क्लायंटचं मुख्य फोल्डर पॅनवर आणि आत शाखा जीएसटीआयएनवर, ही रचना मला सगळ्यात टिकाऊ वाटते.

फोल्डरची नावं मराठीत असतील तर आणखी दोन गोष्टी. बॅच फाईल यूटीएफ-8 (देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवणारी पद्धत) मध्ये सेव्ह करा आणि वरती सीएचसीपी 65001 (chcp 65001) ही ओळ टाका, म्हणजे विंडोज ती फाईल त्याच पद्धतीने वाचतं, नाहीतर देवनागरीच्या जागी कचरा दिसतो आणि फोल्डर सापडत नाही. दुसरी जरा छुपी आहे, 'शेतकऱ्यांचे दाखले' असं फोल्डर दोन कीबोर्डवरून टाईप केलं तर तो अर्धा र दोन वेगळ्या पद्धतीने साठवला जाऊ शकतो, स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात पण कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी फोल्डर आहेत आणि निम्मे दाखले एकीकडे, निम्मे दुसरीकडे जातात. स्क्रिप्टमध्ये नाव टाईप करू नका, असलेल्या फोल्डरवरून कॉपी करून पेस्ट करा.

परवानग्यांचं थोडक्यात. एकाच ड्राईव्हवर साधं मूव्ह केलं की फाईल जुन्या फोल्डरच्याच परवानग्या घेऊन जाते, म्हणजे सगळ्यांना उघडं असलेल्या फोल्डरमधून पगारपत्रक गोपनीय फोल्डरमध्ये नेलं तरी ते सगळ्यांना वाचता येऊ शकतं. रोबोकॉपी नेहमीच्या सेटिंगला परवानग्या नेत नाही, त्यामुळे नवीन फोल्डरच्या लागू होतात. हलवल्यावर दुसऱ्याच्या लॉगिनवरून एकदा उघडून बघा.

हाताने चालते पण शेड्युलरमधून चालत नाही, ही तक्रार तर रोजची. बहुतेक वेळा कारण झेड ड्राईव्ह असतं, मॅप केलेला ड्राईव्ह तुमच्या लॉगिनपुरता असतो आणि लॉगिन नसताना चालणाऱ्या टास्कला तो दिसतच नाही, म्हणून सर्व्हरच्या नावाने सुरू होणारा पूर्ण पाथ द्या. लॅपटॉप असेल तर चार्जर लावला असेल तरच चालव ही खूण आधीपासून केलेली असते, ती काढा. विंडोजचा पासवर्ड बदलला की टास्कमध्ये पण बदलायचा.

आणि शेड्युलरमध्ये टास्कच्या निकालात 0x1 (म्हणजे 1) दिसला म्हणून घाबरून सेटिंग उलटसुलट करू नका, रोबोकॉपीचा 1 म्हणजे फाईल्स नीट गेल्या, 8 किंवा त्याच्या पुढचा आकडा आला तरच काहीतरी फसलंय. खरं लक्ष ठेवायचं ते 0 वर, 0 म्हणजे चूक नाही पण हलवायला काहीच सापडलं नाही, आणि सलग आठवडाभर कामाच्या दिवसांत 0 येत असेल तर स्कॅनर दुसऱ्याच फोल्डरमध्ये टाकतोय का ते आधी जाऊन बघा.