विकलेल्या लिंका निस्तरताना

गेली अकरा वर्षं मी कुंडीतल्या झाडांवर लिहिते आहे. मनीप्लांटची मुळं का कुजतात, यावरच्या माझ्या एका लेखात मधोमध एक निळं वाक्य होतं. त्यावर टिचकी मारली की थेट ऑनलाइन कॅसिनो उघडायचा. ते वाक्य मीच विकलं होतं. पैसे आले आणि मी विसरून गेले. एका सकाळी गूगलच्या सर्च कन्सोलचा, म्हणजे साइटमालकांसाठीच्या सेवेचा, ईमेल आला: तुमच्या साइटवरून अनैसर्गिक लिंका दिल्या जात आहेत. माझी पाचावर धारण बसली.

ज्यांना असा निरोप आलाय, किंवा चोराच्या मनात चांदणं असल्यामुळे तो येण्याआधीच आवरायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी निरोप नीट वाचा. 'तुमच्या साइटवरून' जाणाऱ्या लिंका आणि 'तुमच्या साइटकडे' येणाऱ्या लिंका ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलं विकणाऱ्याचं, दुसरं बहुतेकदा विकत घेणाऱ्याचं. हा फरक न कळल्यामुळे मी दोन संध्याकाळी डिसअव्हाउची यादी करत बसले. ते साधन २०१२ साली आलं, पण ते दुसऱ्यांनी आपल्याला दिलेल्या लिंका नाकारण्यासाठी आहे. आपण दिलेल्या लिंकांशी त्याचा काही संबंध नाही. उलट त्यात चुकून चांगल्या साइटी टाकल्या असत्या, तर हात दाखवून अवलक्षण झालं असतं. खरी नोंद सर्च कन्सोलमध्ये 'मॅन्युअल ॲक्शन' (गूगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई) याखाली असते. तिथे काहीच नसेल आणि तरी वाचक घटले असतील, तर कारण दुसरं शोधा. कारवाईच नसेल तर फेरतपासणीची विनंती करायचं बटणही मिळत नाही.

आता गूगलला यात खुपतं काय, तेही समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली मांडलेल्या पेजरँकच्या मुळाशी एक साधी कल्पना होती: एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे मत, आणि मतांच्या जोरावर पान निकालांत वर चढतं. मी विकलं ते मत. जाहिरात घेणं हा गुन्हा नाही, जाहिरात आहे हे सर्च इंजिनापासून लपवणं हा आहे. ते सांगायची सोय जानेवारी २००५ पासून आहे. त्या वेळी गूगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून 'नोफॉलो' (ही लिंक मत धरू नका, असं सांगणारी कोडमधली खूण) मान्य केलं, ते प्रतिक्रियांमधल्या कचऱ्यावर उपाय म्हणून. सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलने खास जाहिरातींसाठी 'स्पॉन्सर्ड' आणलं. जुनं नोफॉलो लावलेलं असेल तर ते चालतं, बदलत बसू नका. आणि 'माझ्यासारख्या लहान माणसाला कोण बघतंय' हा भ्रम असेल, तर एवढंच सांगते: जानेवारी २०१२ मध्ये पैसे देऊन लिहवून घेतलेल्या लेखांतल्या लिंकेपायी गूगलने स्वतःच्याच क्रोम ब्राउझरचं पान निकालांत किमान ६० दिवस खाली ढकललं होतं. त्यात डिसेंबर २०२२ पासून 'स्पॅमब्रेन' ही यंत्रणा लिंका घेणाऱ्या आणि देणाऱ्या, दोन्ही साइटी हुडकते.

यानंतरचं काम मोजणीचं, आणि सगळ्यात किचकट तेच. मला १४ लिंका आठवत होत्या, निघाल्या ४१. आठवणीवर विसंबू नका. मी तीन ठिकाणं चाळली: ईमेल, पैसे जमा झाल्याच्या नोंदी आणि वर्डप्रेसमधून उतरवून घेतलेली सगळ्या लेखांची एक्स्पोर्ट फाइल. ती फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बाहेर जाणारा प्रत्येक पत्ता शोधला आणि तक्त्यात टाकला: लेख, लिंक, निळे शब्द, मोबदला काय मिळाला, काय करायचं. 'मोबदला काय' हा रकाना ठेवाच. मला एकाने परीक्षणासाठी फुकट कुंड्या पाठवल्या होत्या. पैसे घेतले नाहीत म्हणून मी ते परीक्षण प्रामाणिक समजत होते, पण लिंकेच्या बदल्यात वस्तू घेणं हेही गूगलच्या हिशेबी विकणंच. 'तू माझी दे, मी तुझी देते' हा घाऊक व्यवहारही त्यातलाच. कमिशनच्या लिंकाही (वाचकाने तिथून खरेदी केली की आपल्याला वाटा मिळतो त्या) तक्त्यात घ्या. त्या ठेवायला हरकत नाही, फक्त खूण हवी.

मग चाळणी लावायची. माझा प्रश्न एकच होता: मोबदला नसता तर ही लिंक मी दिली असती का, निदान वाचकाला तिचा उपयोग आहे का? कॅसिनो, कर्ज, निबंध लिहून देणारे असे २९ सरळ उडवले, वाक्यासकट. खत, माती, कुंड्यावाले असे १२ ठेवले आणि त्यांना खूण केली. खूण करायची म्हणजे लेख एचटीएमएलमध्ये उघडायचा आणि त्या लिंकेच्या 'रेल' (rel) गुणधर्मात 'स्पॉन्सर्ड' (sponsored) लिहायचं. वाचकाला दिसेल असा 'जाहिरात' हा शब्द वेगळा लिहायचा. एक सर्च इंजिनासाठी, दुसरा माणसासाठी, एकाने दुसऱ्याचं भागत नाही.

इथे मी फसले ती जागा दाखवून ठेवते. कोडमध्ये आधीच 'नोओपनर' आणि 'नोरेफरर' हे शब्द दिसले आणि मला वाटलं, झालं काम. त्यांचा मताशी काही संबंध नाही. ते नव्या टॅबची सुरक्षितता आणि वाचक कुठून आला ते न कळवणं यासाठी असतात. तसंच 'डूफॉलो' नावाचा गुणधर्मच नसतो. विकत घेणारे ज्याला डूफॉलो म्हणतात ती म्हणजे कुठलीही खूण नसलेली साधी लिंक. बदल जतन केल्यावर कॅशे (साठवून ठेवलेली पानाची जुनी प्रत) रिकामा करा आणि ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स उघडून डोळ्यांनी बघा.

घेणाऱ्यांनाही मी कळवलं. 'तुमची लिंक काढली आहे, हवी तर जाहिरात म्हणून खुणेसकट ठेवते.' बहुतेक गप्प. एकाने पैसे मागितले, उरलेल्या मुदतीचे दिले. एकाने धमकी दिली, ती जपून ठेवली. काहींचे पत्ते तर केव्हाच दुसऱ्यांच्या हातात गेले होते: मातीवाल्याच्या जुन्या पत्त्यावर आता जुगार चालू होता, आणि माझी लिंक इमानदारीत वाचकांना तिथे पोचवत होती.

घाबरून बाहेर जाणाऱ्या सगळ्याच लिंकांना नोफॉलो लावून टाकू नका. तसं करणारं प्लगइन असतं, मीही बसवलं होतं, दुसऱ्या दिवशी काढलं. वनस्पतीशास्त्राच्या ज्या पानाच्या आधारावर मी मुळांबद्दल लिहिलं, त्याला मी मनापासून दिलेलं मत काढून घेण्यात काय अर्थ?

फेरतपासणीची पहिली विनंती मी दोन ओळींत लिहिली: चुकून झालं, सगळं काढलं. नाकारली गेली, आणि बरोबरच. साइडबारमधली एक जुनी लिंक आणि पाहुण्या लेखकांच्या परिचयातल्या चार मी पाहिल्याच नव्हत्या, कारण एक्स्पोर्टमध्ये लेख येतात, साइडबार येत नाही. थीमचा फूटर, म्हणजे प्रत्येक पानाच्या तळाचा पट्टाही, तसाच राहून जातो. दुसऱ्या खेपेला पानभर लिहिलं. किती लिंका विकल्या, कोणत्या काळात, किती काढल्या, किती खुणेसह ठेवल्या, पहिल्या वेळी काय निसटलं, तक्ता कुठे बघायला मिळेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे इथे चालत नाही. वाचणाऱ्याला आधीच बरंच दिसलेलं असतं. 'चुकून' हा शब्द काढला. उत्तराला काही दिवस ते काही आठवडे लागतात आणि मधल्या काळात पुन्हा पुन्हा विनंती पाठवून उपयोग नसतो. मला १९ दिवसांनी कारवाई उठल्याचं कळलं. वाचक लगेच परतले नाहीत, हळूहळू आले, पूर्वीइतके अजून नाहीत.

लिंक मागणारे ईमेल अजून येतात. माझं उत्तर तयार असतं: वर 'जाहिरात' लिहीन, लिंक स्पॉन्सर्ड असेल, मजकूर माझा असेल. दहातले नऊ जण पुन्हा लिहीत नाहीत. दहावा विचारतो, 'जाहिरात' हा शब्द किती मोठ्या अक्षरांत असणार.