आधी पत्ता वाचायला शिकवा

मी नववीच्या मुलांना संगणक शिकवते. ऑनलाइन सुरक्षेचा पहिला अख्खा तास मी लिंक वाचण्यावर घालवते. फळ्यावर लिहिते: 'बँक.बक्षीस.कॉम/लॉगिन'. सुरुवातीला 'https://' मधल्या दोन तिरक्या रेघा असतील तर त्या सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे वाचत या. इथे मालक 'बक्षीस.कॉम' आहे, बँक नव्हे. त्याच्या डावीकडे तो हवं ते नाव लावू शकतो. कुलपाचं चिन्ह दिसलं तरी फक्त वाटेतलं संभाषण सुरक्षित असतं. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे असं नाही.

पासवर्ड प्रत्येक खात्याला वेगळा आणि लांब हवा. द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय, सुरू करा. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही.

खरी काळजी मला खाजगी फोटो पसरवण्याच्या धमक्यांची वाटते. एक विद्यार्थिनी तीन आठवडे गप्प राहिली, कारण सांगितलं तर घरचे फोन काढून घेतील अशी तिला भीती होती. म्हणून पालकांनो, आधी शब्द द्या: 'काहीही झालं तरी सांग, फोन काढून घेणार नाही.' मग मुलांना क्रम शिकवा. पैसे द्यायचे नाहीत, आणखी फोटो पाठवायचे नाहीत. धमकीचे मेसेज आणि खात्याचं नाव जपून ठेवायचं, मग ब्लॉक आणि तक्रार. खाजगी फोटो वयाची अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी काढलेला असेल तर तो इंटरनेटवरून हटवायला मदत करणारी 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. फोटो फोनमध्येच राहतो. फक्त त्याचा डिजिटल ठसा, म्हणजे फोटोवरून बनवलेला ओळख-कोड, सहभागी कंपन्यांकडे जातो. हा क्रम मी मुलांकडून वहीत लिहून घेते.