गिनी पिग चावतोय? आधी या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्यातल्या बऱ्याच घरांत गिनी पिग येतो. फ्लॅटमध्ये कुत्रा झेपत नाही, मुलं तर हट्टाला पेटलेली असतात. दुकानदारही छातीठोकपणे सांगतो, "घेऊन जा ताई, हा चावत नाही." शाळा सुरू होईपर्यंत तक्रार येते की हा तर चावतो. मग कोणी त्याच्या नाकावर टिचकी मारतं, कोणी तोंडावर फुंकर घालतं, कोणी ओरडतं, तर कोणी त्याला हात लावायचंच सोडून देतं. यातल्या कुठल्याही उपायानं चावणं थांबत नाही. हात जवळ आला की काहीतरी वाईट होतं, एवढंच तो त्यातून शिकतो.

गिनी पिग हा इतरांची शिकार होणारा प्राणी आहे. धोका जाणवला की तो जागीच थिजतो, नाहीतर लपायला पळतो. दोन्ही जमलं नाही की मग दात. त्यामुळे चावा बसल्यावर त्याच्या तोंडाला शिक्षा करत बसू नका. चाव्याच्या आधीच्या मिनिटभरात काय घडलं ते आठवा. घरात कोणाला, कुठे, काय करताना चावला, एवढं चार-आठ दिवस वहीत लिहून ठेवलंत तरी निम्मा उलगडा होतो.

कुरतडणं म्हणजे चावणं नव्हे

पिल्लं नवी वस्तू तोंडानंच तपासतात. आपल्या हाताला घामाचा खारटपणा असतो, म्हणून ती चाटतात, हलकेच दात लावून बघतात. त्यानं कातडीवर ओरखडाही उठत नाही. खरा चावा झटकन आणि खोल बसतो, रक्त येतं. या दोन गोष्टींना एकच समजून ओरडलात तर मैत्री करायला आलेलं पिल्लू कायमचं बिचकतं.

गिनी पिगचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला आजूबाजूचं जवळजवळ सगळं दिसतं, पण नाकाच्या अगदी पुढ्यातलं नीट दिसत नाही. समोर आलेलं गाजर आहे की लहान मुलाचं बोट, हे तो वासावरून आणि मिशांवरून ओळखतो. कोथिंबीर निवडून तसाच हात पिंजऱ्यात घातला तर दात लागणारच. आधी बिनवासाच्या साबणानं हात धुवा. पिंजऱ्याच्या गजांमधून खाऊ भरवायची सवयही मोडा, कारण मग गजांतून आत आलेलं प्रत्येक बोट त्याला खाऊच वाटतं. खाऊ उघड्या तळहातावर किंवा वाटीत द्या. "फक्त बाबांनाच चावतो" अशी तक्रार असेल तर बाबांच्या हाताला सेंटचा, तंबाखूचा किंवा खाली पार्किंगमध्ये कुरवाळलेल्या कुत्र्याचा वास आहे का, ते आधी बघा.

वरून हात घालणं

वरून झेपावणारी सावली म्हणजे शिकारी पक्षी, ही भीती त्याच्या अंगातच आहे. पुण्यात तर पिंजरा बाल्कनीत असतो, वर घारी घिरट्या घालतात, कठड्यावर कावळे येऊन बसतात, रात्री मांजर डोकावतं. तो दिवसभर असा धास्तावलेला असताना वरचं झाकण उघडून हात आत आला, तर त्याचं चुकलं असं मी तरी म्हणणार नाही. पिंजरा घरात आणा, एक बाजू भिंतीला लावा. हात बाजूनं, त्याच्याच उंचीवरून, हळू बोलत आत न्या. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि लगेच स्वतःच्या छातीशी धरा. मागचे पाय लोंबकळले की तो घाबरतो. मुलांनी नेहमी चटईवर बसूनच घ्यावं, उभ्यानं कधीच नाही.

खोक्यात लपलेल्या गिनी पिगला ओढून काढू नका. ती त्याची हक्काची जागा आहे. प्रत्येकाला एक खोकं हवं, आणि त्याला दोन दारं हवीत.

मांडीवरचा इशारा न ओळखणं

मांडीवर दहा-पंधरा मिनिटं झाली की तो चुळबुळ करतो, कपडा ओढतो, हाताला हलके दात लावतो. बऱ्याचदा त्याला लघवी लागलेली असते. खाली सोडलंत तर प्रश्न मिटतो, दुर्लक्ष केलंत तर पुढचा दात जोरात बसतो. असे इशारे आणखीही आहेत. कुरवाळताना डोक्यानं हात वर ढकलणं म्हणजे "पुरे आता". अंग ताठ करणं म्हणजे भीती. दात कडकड वाजवणं म्हणजे सरळ राग, त्या वेळी हात पुढे नेऊच नये. याउलट मध्येच टुणकन उड्या मारत अंग वळवत असेल तर तो आनंदात आहे. काहींना तो झटका वाटतो, तसं काही नसतं.

चावल्याबरोबर हात झटकणं

ही चूक सर्वांत धोक्याची आहे. झटक्यानं तो फरशीवर पडतो आणि त्याचे दात किंवा पाय मोडू शकतात. दुखलं तरी त्याला तसंच धरून खाली बसा आणि जमिनीवर ठेवा. मात्र चावला की लगेच पिंजऱ्यात, असं दर वेळी झालं तर "चावलं की सुटका" हे त्याच्या लक्षात राहतं. म्हणून तो शांत असतानाच, चुळबुळ सुरू व्हायच्या आधी, त्याला परत सोडण्याची सवय लावा. सुरुवातीला दोन मिनिटंही पुरेत.

जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली नीट धुवा आणि जंतुनाशक लावा. खोल असेल, सुजली असेल किंवा धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर डॉक्टरांकडे जा.

अचानक चावायला लागला, तर स्वभाव बिघडला असं समजू नका

इथे मला कळकळीनं सांगायचं आहे. कालपर्यंत मायाळू असलेला गिनी पिग आज हात लावला की चावतो, तेव्हा सर्वांत आधी दुखण्याचा संशय घ्या. हा प्राणी आजार लपवतो, कारण जंगलात आजारी दिसणारा आधी मरतो. बाहेर दिसतो तो फक्त चिडचिडेपणा.

पहिलं कारण आहार. माणसाप्रमाणेच गिनी पिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. वजनाच्या दर किलोमागे त्याला रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. ते मिळालं नाही तर सांधे दुखतात, हिरड्या सुजतात आणि उचललं की कळ येते. आपल्याकडे मात्र त्याला पोळी, बिस्किट, भिजवलेले चणे किंवा सशाचं तयार खाद्य दिलं जातं. सशाला हे जीवनसत्त्व बाहेरून लागत नाही, म्हणून त्याच्या खाद्यात ते सहसा घातलेलं नसतं. ढोबळी मिरची हा सोपा उपाय आहे. १०० ग्रॅम हिरव्या ढोबळीत सुमारे ८० मिलिग्रॅम असतं, रोज एक मोठी फोड पुरते. जोडीला कोथिंबीर, आणि पेरूची लहानशी फोड कधीतरी, कारण त्यात साखर असते. पाण्यात क जीवनसत्त्वाचे थेंब घालू नका. पाण्यात ते टिकत नाही आणि चव बदलली की काही जण पाणीच कमी पितात. मंडईतून स्वस्त म्हणून पालकाची जुडी आणून रोज घालणंही टाळा, मूतखड्याचा धोका वाढतो. लघवी करताना ओरडत असेल किंवा लघवीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दुसरं कारण कातडी. पाठीवर हात फिरवताच गर्रकन वळून चावत असेल तर केस बाजूला करून बघा. खरजेचे किडे डोळ्यांना दिसत नाहीत, पण खाज इतकी भयंकर असते की त्यानं झटकेसुद्धा येतात. पावसाळ्यात ओलसर अंथरूण राहिलं की बुरशी येते, आणि तो गजकर्ण घरातल्या मुलांनाही लागू शकतो. कुत्र्याची पावडर वगैरे मनानं लावू नका.

तिसरं कारण दात. त्याचे वीसही दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजतात मुख्यतः गवतानं. वाळलेलं गवत चोवीस तास समोर हवंच. बाकी सगळं खाणं त्यानंतर. लाळ गळणं, खाऊकडे येऊन न खाता परत जाणं, ही दाढा वाढल्याची लक्षणं. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. बारा तास काही खाल्लं नाही तर वाट बघू नका.

जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात तळपायांना जखमा होतात, तेही एकदा उलटून पाहा. वयानं मोठ्या माद्यांमध्ये अंडाशयाच्या गाठी बऱ्याच आढळतात, त्यानंही स्वभाव चिडका होतो. आणि दुकानातून आणलेली मादी गाभण असू शकते; नर-मादी नीट न ओळखता एकत्र ठेवल्यानं असं होतं.

डॉक्टर निवडताना ससे, पक्षी, गिनी पिग नेहमी पाहणारे आहेत का, हे फोनवरच विचारा. माणसांना सर्रास दिलं जाणारं अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिलं तर गिनी पिगच्या पोटातले चांगले जंतू मरतात आणि त्याचा जीव जाऊ शकतो. घरातली उरलेली गोळी चुकूनही देऊ नका.

एकटा ठेवणं, किंवा कशीही जोडी लावणं

गिनी पिग कळपात राहणारा आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००८पासून तो एकटा ठेवायला कायद्यानंच मनाई आहे. सोबतीला दुसरा गिनी पिगच हवा. ससा नको, त्याच्या एका लाथेनं इजा होते. दोघांना किमान साडेसात चौरस फूट जागा लागते, दुकानातला रंगीत पिंजरा याच्या जवळपासही येत नाही. दोन नरांची जुंपली तर मध्ये हात घालू नका. मध्ये सुपली धरा किंवा जाड टॉवेल टाका. भांडणात बसलेले चावे सर्वांत खोल असतात.

ढोल, फटाके आणि ऊन

त्याला आपल्यापेक्षा कितीतरी उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात. ढोल-पथकांचा सराव सुरू झाला की विसर्जनापर्यंत, आणि पुढे दिवाळीत, पिंजरा आतल्या खोलीत हलवा, लपायला जास्तीचं गवत द्या. पाहुण्यांच्या मुलांच्या हातात त्या दिवसांत देऊ नका. एप्रिल-मेच्या काहिलीतही तसंच. तिशीच्या वर पारा गेला की त्याला त्रास होतो, आणि तापलेल्या अंगाला कोणी हात लावलेला त्याला नको असतो.

पुन्हा ओळख कशी करायची

पिंजऱ्याशेजारी बसा, वाचा, फोनवर बोला, पण हात लावू नका. तो बेफिकीर झाला की तळहातावर कोथिंबिरीची काडी ठेवून हात आत नुसता असू द्या. तो स्वतःहून आला तर येऊ दे. मग हनुवटीखाली किंवा कानामागे एका बोटानं खाजवा. याला काही आठवडे लागतात, घाबरवलेल्या गिनी पिगला त्याहून जास्त.

काही गिनी पिग एवढं करूनही मांडीवर रमत नाहीत. त्यांना उचलायचा आग्रह सोडा. खोलीत चादर अंथरा, तुम्हीही खाली बसा, तो तुमच्या पायांवरून फिरेल. वजन करताना खोक्यातच शिरू द्या आणि खोक्यासकट काट्यावर ठेवा. नखं कापताना टॉवेलात सैलसर गुंडाळा, एकानं धरावं, दुसऱ्यानं कापावं, आणि एका बैठकीत एकाच पंजाची.