जीपी५वर अँटिबॉडी कुठे बसते? शोधताना या चुका टाळा

प्रोटीनचे छोटे तुकडे (पेप्टाइड) प्लेटवर चिकटवून त्यांवर अँटिबॉडी बसते का ते बघतात. पेप्टाइडची ही प्लेट कोरी राहिली की लगेच निष्कर्ष काढला जातो, 'अँटिबॉडी इथे बसतच नाही.' घोड्यांना होणाऱ्या इक्वाइन आर्टेरायटिस या रोगाच्या विषाणूच्या जीपी५ या पृष्ठभागावरच्या प्रोटीनवर काम करताना निम्मा गोंधळ या कोऱ्या प्लेटवर भरवसा ठेवल्यानेच होतो.

पेप्टाइड म्हणजे सुटा तुकडा. घडी पडल्यावर लांबलांबची अमिनो आम्लं शेजारी येऊन जी जागा तयार होते, ती तुकड्यात सापडणार कशी? त्यात जीपी५ एकटं नांदतच नाही. त्याचं ३४वं अमिनो आम्ल, सिस्टीन, विषाणूच्याच एम प्रोटीनच्या ८व्या सिस्टीनला डायसल्फाइड बंधाने (दोन गंधक अणूंच्या जोडणीने) जखडलेलं असतं. ई. कोलाय या जिवाणूत नुसतं जीपी५ बनवलं, तर हा जोडीदारही नाही आणि ५६व्या अमिनो आम्लावरची (अ‍ॅस्परॅजिनवरची) साखरही नाही. अशा प्रोटीनला धरत नाही म्हणून विषाणूला निष्प्रभ करणारी चांगली मोनोक्लोनल (एकाच जागेवर बसणारी, एकसारखी) अँटिबॉडी बाद करू नका. सस्तन प्राण्याच्या पेशींत दोन्ही प्रोटीनं एकत्र बनवून बघा. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रोटीनं वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायच्या चाचणीत) एक लेन डीटीटी, म्हणजे डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन, न घालता चालवा. तिथे बँड दिसला आणि डीटीटीच्या लेनमध्ये नाहीसा झाला, तर जागा डायसल्फाइड बंधांनी धरलेल्या घडीवर अवलंबून असल्याची शक्यता दाट. मात्र डीटीटीशिवायचा बँड वर, दोन्ही प्रोटीनांच्या एकत्रित वजनापाशी शोधा.

पेप्टाइडची ऑर्डर देताना पैसे वाचवायचा मोह होतो. १५ अमिनो आम्लांचे तुकडे, दर वेळी १० पुढे: ९० ते १०४, मग १०० ते ११४. आता जीपी५वरची एक माहितीतली जागा ९९ ते १०६ आहे. पहिल्या तुकड्यात तिची शेपटी तुटली, दुसऱ्यात डोकं. ८ लांबीची जागा अखंड मिळायला शेजारच्या तुकड्यांत किमान ७ समान हवेत.

क्रमांक कुठून मोजलेत तेही वहीत लिहा. पहिली १८ अमिनो आम्लं सिग्नल पेप्टाइडची, म्हणजे प्रोटीनला योग्य ठिकाणी नेणाऱ्या सुरुवातीच्या तुकड्याची. ती कापली जातात. एखादं अमिनो आम्ल सुरुवातीपासून मोजलं तर ४९वं, कापल्यानंतर मोजलं तर तेच ३१वं. दोन जण दोन पद्धतींनी मोजतात आणि एकच जागा दोनदा 'शोधली' जाते!

उलट फसवणूकही होते: अँटिबॉडी जीपी५वर बसत नसतानाही बसल्यासारखी दिसते. घोड्याच्या सीरममध्ये ई. कोलायविरुद्धच्या अँटिबॉडी सर्रास असतात. जीएसटी (शुद्धीकरणासाठी जोडलं जाणारं एक वेगळं प्रोटीन) जोडलेलं प्रोटीन वापरत असाल, तर नुसत्या जीएसटीचा कंट्रोल हवाच, आणि सीरम आधी ई. कोलायच्या लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या द्रवात) मुरवून घ्या.

नेमकी जागा शोधायला एकेका अमिनो आम्लाच्या जागी अ‍ॅलानिन हे साधं अमिनो आम्ल घालून प्रोटीनचे म्युटंट (बदललेली रूपं) बनवतात. अशा बदलाने अँटिबॉडीची बांधणी गेली, तर ते अमिनो आम्ल संपर्कातलं असेल, किंवा बदलामुळे सगळी घडीच विस्कटली असेल. दुसऱ्या जागेवर बसणारी, घडी ओळखणारी एक अँटिबॉडी त्याच नमुन्यावर लावा. तीही बसेना, तर तो म्युटंट यादीतून काढा.