एफ-२५० पुढून उचलायचीय? आधी हातात टेप घ्या

फोर्डची एफ-२५० सुपर ड्यूटी (मोठा पिकअप ट्रक) घरी आणली की पहिल्या आठवड्यातच डोळ्यात खुपायला लागतं, गाडी पुढून खाली झुकलेली आणि मागून वर. मग माणूस किट शोधायला लागतो, तीनशे डॉलरचं एखादं स्पेसर किट (स्प्रिंगवर बसवायची जाड चकती, तिने गाडी पुढून उचलली जाते) दिसतं, वाटतं दोन तासांचं काम आहे. काम घरच्या ड्राइव्हवेवर होण्यासारखं आहेच, मी केलंय, पण स्पेसर बसवणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम आहे, आणि बहुतेकजण तिथेच थांबतात. पुढे काय करायचं ते सांगायला हे लिहितोय, कारण माझ्याच ट्रकला आधी अर्धवट काम झालं होतं.

माझी २०१९ ची क्रू कॅब (चार दारांची), डिझेल, फोर बाय फोर. आम्ही ह्यूस्टनजवळ राहतो, सुट्टीत ट्रेलर मागे लावून फिरतो. पहिल्यांदा मी एका दुकानात गाडी टाकली, त्यांनी दुपारपर्यंत दोन इंचांचे स्पेसर घालून दिले, दिसायला झकास. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको गाडीसमोर चहा घेऊन उभी होती, म्हणाली, "अरे, एका बाजूचं चाक जरा जास्तच बाहेर आल्यासारखं दिसतंय का?" टेप लावला, टायर आणि फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेतलं अंतर दोन्ही बाजूंना मोजलं, पाव इंचापेक्षा जास्त फरक. स्टेअरिंग सरळ धरलं तरी वाकडं दिसत होतं, आणि पुलाच्या जोडावरून गेलं की पुढचा भाग थरथरायचा. त्यांनी ट्रॅक बारला (एक्सल जागेवर धरणारा आडवा दांडा, पुढे सांगतो) हातच लावला नव्हता, अलाइनमेंटही केली नव्हती. मग मी सगळं स्वतः परत केलं.

आधी हे समजून घ्या की कंपनीने मागचा भाग वर का ठेवलाय. ही गाडी ओझं घ्यायला बनवलीय. ट्रेलर लावला की हिचवर, म्हणजे मागच्या ट्रेलर जोडायच्या हुकवर, ट्रेलरच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार येतो, म्हणजे आठ हजार पौंडांचा ट्रेलर असेल तर आठशे ते बाराशे पौंड, आणि फिफ्थ व्हील (ट्रकच्या मागच्या हौद्यात जोडला जाणारा ट्रेलर) असेल तर त्याहून बरंच जास्त. तो भार पडला की मागचे पाटे दबतात आणि गाडी सपाट होते. तुम्ही रिकामी गाडी अगदी सपाट केलीत आणि मग ट्रेलर लावलात तर नाक आभाळाकडे, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात, आणि पुढच्या चाकांवरचा भार कमी झाल्याने स्टेअरिंग हलकं. म्हणून माझं स्पष्ट मत, नेहमी ओढणाऱ्याने मागे अर्धा-पाऊण इंच उंच राहू द्यावं, पूर्ण सपाट करू नये. आणि मागे हेल्पर एअर बॅग (मागच्या पाट्यांना मदत करणारी हवेची पिशवी) लावायचा विचार करावा, ओझं आलं की हवा भरायची. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, एअर बॅगने किंवा लिफ्टने ट्रकची वजन उचलायची क्षमता वाढत नाही, दाराच्या कडेच्या स्टिकरवर जो आकडा आहे तोच खरा.

आता मोजणं. सपाट जागेवर, टाकी साधारण भरलेली, टायरमध्ये स्टिकरवर आहे तेवढी हवा. चाकाच्या मधोमधपासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही चाकांचं माप घ्या आणि लिहून ठेवा, असं मोजलं की टायरच्या हवेमुळे गोंधळ होत नाही. पण पुढे-मागे फेंडरच्या कमानी सारख्याच उंचीवर कापलेल्या असतील असं नाही, म्हणून फक्त फेंडर बघून "सपाट" ठरवू नका, दाराखालच्या रॉकर पॅनेलवर लांब लेव्हल ठेवा. शिवाय त्याच दिवशी संध्याकाळी गाडी भिंतीपासून २५ फुटांवर उभी करून हेडलाइटच्या झोताची वरची कड भिंतीवर चिकट टेपने खुणा करून ठेवा. हे नंतर उपयोगी पडतं, आणि नंतर करता येत नाही.

किट निवडताना तुमच्या गाडीखाली काय आहे ते बघा. २००५ पासून फोर बाय फोर सुपर ड्यूटीच्या पुढे सरळ एक्सल आणि कॉइल स्प्रिंग आहेत, १९९९ ते २००४ च्या गाडीला पुढेसुद्धा पाटे होते, त्याचं काम वेगळं. रॅम २५०० ला पुढे कॉइलच आहेत, पण २०१४ पासून मागेही कॉइल आहेत, त्यामुळे मागच्या ठोकळ्याचा (मागचा भाग उचलायला पाटे आणि एक्सलच्या मध्ये घालतात तो) प्रश्न तिथे नाही. शेवरोले सिल्व्हराडो २५०० एचडीला पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगच्या जागी पिळला जाणारा दांडा) असतो, तिथे बारची कीच (त्याचं टोक धरून पीळ ठरवणारा तुकडा) बदलतात, आणि त्यासाठी टॉर्शन बार उतरवायचं खास टूल लागतंच, साध्या सी-क्लॅम्पने करायला गेलात तर बार सुटून हात जाईल. तिथे जास्त पिळायचाही मोह आवरा, वरचा कंट्रोल आर्म थांब्याला टेकतो आणि खड्ड्यात चाक खाली यायला जागाच उरत नाही.

इथून पुढे सुपर ड्यूटीचं सांगतो. माझ्या मते अडीच इंचांपेक्षा जास्त उचलायचं असेल तर स्पेसर सोडून द्या, बदली स्प्रिंग घ्या, तेही इंजिन बघून, डिझेलचं नाक पेट्रोलपेक्षा बरंच जड असतं. दोन इंचांसाठी स्पेसर चालतो, पण सोबत लांब शॉकअप किंवा शॉकअपचे एक्स्टेंडर, आणि ट्रॅक बारचा ड्रॉप ब्रॅकेट (त्याचं फ्रेमकडचं टोक खाली आणणारा) किंवा लांबी बदलता येणारा ट्रॅक बार, हे हवंच. हेच ते सामान जे स्वस्त किटमध्ये नसतं.

ट्रॅक बार म्हणजे काय ते गाडीखाली वाकून बघा. एक टोक फ्रेमला, दुसरं एक्सलला, तिरका आडवा दांडा. तोच एक्सलला डावी-उजवीकडे सरकू देत नाही. गाडी वर गेली की तो दांडा जास्त तिरका होतो, लांबी तर तेवढीच राहते, म्हणून एक्सल एका बाजूला ओढला जातो. माझ्या गाडीच्या चाकाचं बाहेर येणं हेच होतं. आणि रेडियस आर्म (एक्सलला पुढे-मागे धरणारे लांब दांडे) मागे फ्रेमला बांधलेले असल्यामुळे एक्सल खाली गेला की तो थोडा फिरतो, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, दोन इंचांना साधारण दोन अंशांच्या आसपास. कॅस्टर कमी म्हणजे वळण संपल्यावर स्टेअरिंग स्वतः सरळ यायला आळशीपणा करतं आणि हायवेवर गाडी भरकटते.

काम असं करा. गाडी सपाट काँक्रीटवर, मातीत नाही. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी लावा, चाकांचे नट जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा. रिकामी गाडीच सात हजार पौंडांच्या पुढे आहे, म्हणून तीन टनांचा चांगला फ्लोअर जॅक आणि उंच, जाडजूड जॅक स्टँड, ते फ्रेमखाली, रेडियस आर्मच्या ब्रॅकेटच्या मागे. फक्त जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका, एकदाही नाही, "जरा बघतो" म्हणूनही नाही. चाकं काढा, जॅक एक्सलखाली आणा आणि त्याला जरा भार घेऊ द्या. मग स्टॅबिलायझर बारचे लिंक, शॉकअपचे खालचे नट, ट्रॅक बारचं एक टोक, आणि ब्रेक होजचा ब्रॅकेट सोडा. एबीएसची वायर आणि हबला (चाकाच्या मधोमध, फोर व्हील जोडणारा भाग) जाणारी व्हॅक्युमची बारीक नळी क्लिपमधून काढायला विसरू नका, बऱ्याचदा तीच ताणली जाते आणि मग दोन महिन्यांनी फोर व्हील लागत नाही म्हणून डोकं धरून बसता.

आता दुसऱ्या माणसाला बरोबर घ्या. जॅक अगदी हळू सोडा, एकजण होज आणि वायरवर नजर ठेवून उभा राहील, "थांब" म्हटलं की थांबायचं. माझा भाचा होता, त्याने टॉर्च धरून एक होज दाखवली जी कोपऱ्यात अडकून वायोलिनच्या तारेसारखी ताणली होती, अजून अर्धा इंच गेलो असतो तर गेलीच. एक्सल पुरेसा खाली आला की स्प्रिंग हातात येतं, पण पूर्ण सैल झालंय की नाही हे हलवून बघितल्याशिवाय हात आत घालू नका. रबराचं पॅड आणि स्पेसर किटमध्ये सांगितल्या क्रमाने वर बसवा, स्प्रिंग परत घाला, खालच्या टोकाची वळी त्याच्या घरात बरोबर बसलीय हे बोटाने चाचपून बघा. मग जॅकने एक्सल वर आणा.

इथे एक नियम पाळा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. रबरी बुश असलेले बोल्ट, म्हणजे रेडियस आर्म आणि ट्रॅक बार, हवेत असताना शेवटचे घट्ट करू नका. हाताने लावा, चाकं बसवा, गाडी खाली उतरवा, पुढून थोडी दाबून हलवा आणि मग टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने घट्ट करणारा) लावा. हवेत घट्ट केलं तर बुश कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षाभरात फाटतं. चाकांच्या नटांना १६५ फूट-पौंड, आणि पहिल्या १०० मैलांच्या आत पुन्हा एकदा. बाकीचे आकडे तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, कुणाच्या सांगण्यावरून नाही.

मग ट्रॅक बार. फ्रेमपासून टायरच्या आतल्या कडेपर्यंत दोन्ही बाजू मोजा. सारखं येईपर्यंत लांबी बदला किंवा ब्रॅकेट लावा. त्यानंतर स्टेअरिंग सरळ करायचं ते ड्रॅग लिंकच्या (स्टेअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) स्लीव्हने, स्टेअरिंग व्हील काढून नाही, कारण गाडीचा स्टॅबिलिटी कंट्रोल स्टेअरिंगचा कोन बघत असतो. इंजिन चालू ठेवून भाच्याला स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे थोडं-थोडं हलवायला सांगा आणि तुम्ही खाली वाकून प्रत्येक सांधा बघा. कुठला सांधा उशिरा हलतोय, कुठे टकटक होतेय. ट्रॅक बारच्या बुशमध्ये ढिलेपणा असेल तर ते आधी बदला. पुलाच्या जोडावर आदळली की चाकं जी भयंकर थरथरतात ती थरथर बहुतेक वेळा अशाच ढिल्या सांध्यातून येते, नुसता स्टेअरिंग डॅम्पर बदलल्याने दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही.

आणि अलाइनमेंट करा, त्यात पैसे वाचवू नका. कॅस्टर पुन्हा आणायला वरच्या बॉल जॉइंटच्या बदलत्या स्लीव्ह मिळतात, नाहीतर रेडियस आर्मचा ड्रॉप ब्रॅकेट. दुकानदाराला "कॅस्टर किती आला ते कागदावर द्या" असं सांगा, तोंडी "बरोबर आहे" चालणार नाही. समोर रडार किंवा कॅमेरा असेल तर तोही कॅलिब्रेट करावा लागू शकतो. शेवटी त्याच भिंतीवरच्या खुणांवर हेडलाइट परत आणा.

मागचा भाग उंच करायचा असेल तर वेगळा एकच मोठा ठोकळा घ्या, ठोकळ्यावर ठोकळा कधीच नाही, आणि यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळून धरणारे) नवेच, जुने परत वापरू नका, ते एकदा ताणले की संपले. मागून खाली आणि पुढून खूप वर अशी फॅशन चालते तिकडे तर कधी जाऊ नका. उत्तर कॅरोलायनामध्ये १ डिसेंबर २०२१ पासून पुढचा फेंडर मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त उंच ठेवायला बंदी आहे. समोर उभं राहिलेलं मूल दिसत नाही तसल्या गाडीतून.

पहिला आठवडा रिकामीच चालवा, मग ट्रेलर लावून पुन्हा माप घ्या. माझ्याकडे ट्रेलर लावल्यावर पुढे-मागे अर्धा इंच फरक येतो आणि पुलांवर स्टेअरिंग आता हातात शांत बसतं.